लोडर, कमान आणि तात्या

आपल्याकडे पिवळं आणि पुढे बकेट असलेलं काहीही दिसलं की तो जेसीबी. कंपनी कुठलीही असो. झेरॉक्ससारखंच. २०१९मध्ये ‘जेसीबी की खुदाई’चे मीम सगळीकडे फिरत होते तेव्हा आमच्या हापिसातले अर्धे लोक दिवसभर तेच फॉरवर्ड करत बसले होते. लोक का बघत उभे राहतात याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही.

मी जे चालवायला शिकलो तो मात्र जेसीबी नव्हे. इथे अमेरिकेत ‘कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर’ नावाचा एक प्रकार असतो. आपल्या उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरपुढे हा म्हणजे शेळीचं करडू. चार-पाच एकराच्या घरवाल्यांकडे गवत कापायला, बर्फ लोटायला, खडी-माती इकडची तिकडे करायला. त्याला पुढे दोन लोखंडी हात आणि एक बकेट लावलेली असते, तो फ्रंट-एंड लोडर. बहुतेक ट्रॅक्टर २५ हॉर्सपॉवरच्या किंचित खाली असतात आणि याचं कारण शेतीत नाही, कायद्यात आहे. १९ किलोवॅट, म्हणजे साधारण २५ हॉर्सपॉवर ओलांडली की इथले धुराचे नियम कडक होतात, मग इंजिनाला काजळी अडवणारा फिल्टर वगैरे लचांड लागतं. त्यामुळे कंपन्या चोवीस-साडेचोवीसवर थांबतात. आपल्याकडे नाही का, चार मीटरच्या आत गाडी बसवायला डिकी कापतात? तसंच.

शेजारच्या शेतावर लाल महिंद्रा आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा गावाकडचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. महिंद्रा १९९४पासून इथे ट्रॅक्टर विकते, ह्यूस्टनला त्यांचं ऑफिस आहे. पण मला शिकायला मिळाला तो नारिंगी कुबोटा. घरमालकांचा.

मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो. इथली मराठी मंडळी बहुतेक केरी-मॉरिसव्हिलला असतात, मी मात्र चॅटम काउंटीत. भाडं कमी, हापिसात आठवड्यातून दोनच दिवस जायचं, आणि मोठ्या घरामागे एक छोटं दोन खोल्यांचं घर मिळालं. घरमालक पंचाहत्तरीचे. आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेले, रिटायर्ड लाइनमन. मला ‘सन’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’ म्हणतो. मालकीणबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला गाडी निघते म्हणजे निघते.

रस्त्यापासून घरापर्यंत अडीचशे मीटर खडीची वाट आहे. मध्ये उतार, उताराच्या तळाशी ओढा, ओढ्यावर पाइप टाकून केलेली मोरी. ही वाट दरवर्षी पावसानं उखडते आणि दरवर्षी मालक ती लोडरनं नीट करतात. २०२५च्या मार्चमध्ये त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जॉयस्टिक उजव्या हाताला असते. एका शनिवारी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सन, तू कॉम्प्युटरवर काठीवाले गेम खेळतोस का?"

मी म्हटलं, खेळायचो.

"विसर ते सगळं. चल."

पहिल्या शनिवारी त्यांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. ट्रॅक्टरभोवती तीन फेऱ्या. टायर, तेल, लोडरच्या पिना, हायड्रॉलिकच्या नळ्या. नळीवर बोट फिरवायला लागलो तर हात धरला. बारीक भोकातून दाबाखालचं तेल कातडीत सुईसारखं घुसतं आणि बोट काढायची वेळ येते, म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्यानं. मग सीटमागच्या कमानीपाशी आलो. जाड चौकोनी नळ्यांची उलट्या ‘यू’सारखी कमान. इथे तिला ‘रोप्स’ म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ नये यासाठीची. ही दुमडता येते, कारण शेडचं दार बुटकं असतं. नियम असा की कमान उभी असेल तर पट्टा लावायचाच, आणि दुमडलेली असेल तर पट्टा लावायचा नाही. कमान नसताना पट्टा म्हणजे स्वतःला ट्रॅक्टरला बांधून घेणं. आणि कमान असून पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि ती कमानच त्याच्यावर येते. दोन्ही असतील तर उलटूनही माणूस जवळजवळ नेहमी वाचतो.

मालक हे सांगत होते आणि मला तात्या दिसत होते.

तात्या म्हणजे माझे चुलते. गाव कराड तालुक्यात, कृष्णाकाठची ऊसवाली जमीन. २०११च्या जानेवारीत, मी आठवीत होतो, उसाची ट्रॉली चिखलात रुतली. ट्रॉली सोडवून आधी ट्रॅक्टर बाहेर काढला, मग साखळी लावून ओढायला लागले. साखळी नेहमीच्या ठिकाणी खाली नव्हती, वर बांधली होती. ट्रॉली जागची हलली नाही, ट्रॅक्टर मात्र पुढून उठला. आणि मागे पडला. बघणारे सांगतात की ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ती अतिशयोक्ती नाही, हे मला चौदा वर्षांनी अमेरिकेत कळलं. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंद लागतो, आणि त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदातच वेळ निघून गेलेली असते. त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नाही. ओढ मागच्या आसाच्या खाली असली तर ती ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून धरते. आसाच्या वर असली की तीच ओढ त्याला मागे उताणा पाडते. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला मोमेंटची गणितं मी ढिगानं सोडवली आहेत. एकाही गणितात तात्या नव्हते.

त्या ट्रॅक्टरला कमान नव्हती. आपल्याकडे बऱ्याच ट्रॅक्टरांना नसते. असते ती उन्हासाठीची पत्र्याची छत्री, आणि वर टेपचे स्पीकर. स्वीडननं १९५९मध्येच नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली होती. अमेरिकेतल्या कंपन्या १९८५पासून आपणहून ती बसवून द्यायला लागल्या. म्हणजे २०११मध्ये ही काही नव्यानं लागलेली अक्कल नव्हती.

असो.

दुसऱ्या शनिवारी इंजिन. डाव्या हातात स्टिअरिंग, उजव्या हातात जॉयस्टिक, उजव्या पायाखाली एकच लांब पेडल. चवडा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे. हायड्रोस्टॅटिक असल्यामुळे सारखा क्लच-गिअरचा खेळ नाही. जॉयस्टिक मागे ओढली की हात वर, पुढे ढकलली की खाली. डावीकडे केली की बकेट तोंड वर करून आत वळते, उजवीकडे केली की पालथी होते. चार दिशा. वाचायला सोपं. पण खडीच्या ढिगात शिरताना पाय पुढे जात असतो, बकेट वर उचलत असते आणि त्याच वेळी आत वळत असते. म्हणजे काठी तिरकी, डावीकडे आणि मागे एकदम. त्यात पाय किती दाबायचा हे कान ठरवतो. इंजिनाचा आवाज जड झाला की पाय सोडायचा, चाकं घसरून जागेवर फिरायला लागायच्या आत. आणि बकेट शेवटच्या टोकाला पोचूनही काठी धरून ठेवली तर हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह ‘चीईई’ करून ओरडतो. पहिल्या दिवशी आमच्या आवारात नुसती डुकरं ओरडत होती :-)

आणखी एक चौकट आहे. काठी पुढे ढकलून आणखी थोडी ढकलली की ‘टक’ होतं. ते ‘फ्लोट’. मग बकेटला कोणी धरलेलं नसतं, ती आपल्या वजनानं जमिनीवर पडून राहते, चढ-उतार आला की आपोआप वरखाली होते. खडी पसरल्यावर मागे जात जात सपाट करायला फार छान. पण भरलेली बकेट हवेत असताना चुकून ते ‘टक’ झालं तर सगळं धाडकन खाली. कंट्रोल-झेड नाही.

सगळ्यात वैताग म्हणजे बकेटची धार सीटवरून दिसतच नाही. ती सपाट आहे की नाकानं जमीन उकरतेय हे ओळखायचं कसं? मालकांची युक्ती: बकेट खाली दाबत जा आणि पुढच्या चाकांकडे बघ. चाकं हलकी व्हायला लागली म्हणजे जमिनीवर जास्त दाब आहे. जरा सोड. तीनेक शनिवारांनी मला चाकांकडे बघावं लागेना, बुडाखाली कळायला लागलं. हे कसं होतं ते मला सांगता येणार नाही. आठ वर्षं सायकल शिकवणाऱ्या बाबांनाही कधी सांगता आलं नव्हतं.

एप्रिलभर लाकडाचा भुसा आणि साली. हलका माल. सांडला तरी कुणाचं काही जात नाही. मेमध्ये खडी. शेडजवळ पंधरा-एक टनांचा ढीग टाकून घेतलेला होता. बारीक कच मिसळलेली, दाबली की घट्ट बसणारी. त्या बकेटमध्ये खडी भरली की साडेतीनशे किलोच्या आसपास होते, म्हणजे लोडरच्या ताकदीच्या जवळजवळ काठावर.

इथे मालकांनी माझा इंटरव्ह्यू घेतला. खरोखरचा. बादलीवर बसून.

"ट्रॅक्टरला पाय किती?"

मी म्हटलं चार.

"तीन."

मला वाटलं खेचताहेत. मग मला खाली वाकायला लावलं. पुढचा आस मध्यभागी एका पिनेवर झुलत असतो, खड्ड्यात एक चाक गेलं तरी दुसरं टेकलेलं राहावं म्हणून. त्यामुळे ट्रॅक्टरचं अंग पुढे दोन चाकांवर नाही, त्या एका पिनेवर टेकलेलं असतं. मागची दोन चाकं आणि पुढची पिन. तिपाई. त्रिकोणाचा पाया मागे आणि टोक पुढे. आता पुढे साडेतीनशे किलो लटकवा. सगळं वजन रुंद पायावरून अरुंद टोकाकडे सरकतं. वर बकेट उंच उचला. मग बाजूला जरासा कल मिळाला तरी पुरे. म्हणून मागे वजन हवंच. मालकांनी मागच्या तीन सांध्यांच्या कपलिंगला काँक्रीट भरलेली पेटी अडकवलेली आहे. म्हणून चालताना बकेट गुडघ्याच्या खाली, पुढचं दिसण्यापुरती. उचलायची ती फक्त ओतायच्या जागी.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. बकेट भरलेली, उतार पुढे, मागचा भाग हलका. ब्रेक दाबला तर काय होईल? हे उत्तर मला आलं. हलकी चाकं नुसती घसरतील. म्हणून लोडरचं काम फोर-व्हीलमध्येच, म्हणजे पुढच्या जड चाकांनाही इंजिनाचा लगाम राहतो. आणि उतारावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला. चढताना पुढून, उतरताना रिव्हर्समध्ये.

मालक म्हणाले, "पास." पगाराचा विषय निघाला नाही.

त्या दिवशी मालकीणबाईंनी फोटो काढला आणि मी तो हौसेनं आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला. पाच मिनिटांत फोन. तिकडे रात्रीचे साडेअकरा.

"कुणाच्या ट्रॅक्टरवर बसलायस तू?"

सांगितलं.

"तात्यांचं विसरलास होय रे?"

मी कमानीचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, तिपाईचं सांगायला लागलो तर म्हणाली, "मला इंजिनियरिंग शिकवू नकोस. तुला शिकवलं ते ट्रॅक्टरवर बसायला नाही." यावर काय बोलणार? आमच्या घरात एका पिढीनं जमीन गहाण टाकून दुसऱ्या पिढीला ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं आहे. आणि मी विमानानं तेरा हजार किलोमीटर येऊन पुन्हा चढलो. तिचा राग मला समजत होता. पुढचे दोन महिने मी तिला काही सांगितलं नाही.

६ जुलै २०२५, रविवार. शँटाल नावाचं वादळ सकाळी साउथ कॅरोलिनात किनाऱ्याला लागलं. तोवर जोर ओसरला होता, बातम्यांतही फार काही नव्हतं. संध्याकाळपासून आमच्याकडे पाऊस लागला. चॅटम काउंटीच्या काही भागांत नऊ-दहा इंच पडला. हॉ नदी, तिकडे डरहमला ईनो, सगळ्या फुगल्या. आपल्या कोकणात हे आकडे कुणी हसून सोडून देईल, पण इथली जमीन लाल चिकणमाती, पाणी मुरतच नाही, सगळं वाहतं.

सोमवारी सकाळी बघितलं तर मोरीवरची वाट नव्हती. पाइप तेवढा उघडा पडलेला, वरची खडी-माती खाली शेतात. चार मीटर लांब आणि कमरेइतका खोल खड्डा. बाहेरून खडीचा ट्रक आत येऊ शकत नव्हता. कॉन्ट्रॅक्टरांचे फोन लागत नव्हते, आणि ज्या एकाचा लागला त्यानं गुरुवार सांगितला. मंगळवार सकाळचं डायलिसिस चुकवून चालणार नव्हतं. मालक म्हणाले, वेळ आली तर हेलिकॉप्टर मागवता येतं, पण ती ऐकणार नाही. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

मी हापिसात सुट्टी टाकली. कारण ‘रोड वॉश्ड आउट’. खोटं नव्हतं.

दुपारी पाणी ओसरल्यावर सुरुवात केली. आधी शेताच्या कडेचे मोठे दगड, पाइपच्या दोन्ही अंगांना. मग खडी. ढीग वर शेडपाशी, खड्डा खाली तळाशी. म्हणजे प्रत्येक खेप भरलेली आणि उताराची. भरायची, तोंड चढाकडे ठेवून रिव्हर्समध्ये उतरायचं, मोरीअलीकडच्या सपाट तुकड्यावर सावकाश वळायचं. खड्ड्याच्या काठावर चाक न्यायचंच नाही. चार-पाच फूट अलीकडे ओतायचं आणि बकेटनं पुढे ढकलायचं. थर हाताच्या वीतभर जाडीचा झाला की त्यावरून ट्रॅक्टर मागे-पुढे फिरवून दाबायचा. मग पुढचा थर. मालक पलीकडच्या काठावर उभे, डाव्या हातानं खुणा करत. मान मागे वळवून वळवून माझा गळा लागला.

चौदावी का पंधरावी खेप. उतारावर डाव्या बाजूची कड पावसानं आतून पोकळ झालेली होती, वरून दिसत नव्हतं. मागचं डावं चाक त्यात बसलं. ट्रॅक्टर कलला. किती ते माहीत नाही, पण क्षितिज तिरकं झालं. काय केलं ते मला नंतर आठवून आठवून सांगावं लागलं: काठी पुढे, बकेट जमिनीवर, पाय पेडलवरून काढलेला. एवढंच. बकेट आधीच खाली होती, फूटभरसुद्धा पडायची नव्हती. ती टेकली आणि कलायचं थांबलं. पट्टा मांडीत रुतला होता. मालकांनी हात वर केलेला तसाच होता. मग त्यांनी बोटानं दाखवलं, बकेट रिकामी कर, सरळ वर ये. आलो. ती कड दगडांनी भरली आणि पुढची खेप आणली.

तात्यांची आठवण तेव्हा आली नाही. रात्री अंघोळ करताना आली आणि बराच वेळ नळ तसाच चालू राहिला.

साडेआठपर्यंत उजेड असतो जुलैत. सव्वाआठला शेवटचा थर फ्लोटवर टाकून सपाट केला. पंचवीस बकेटा. मंगळवारी सकाळी सातला त्यांची गाडी मोरीवरून गेली. मालकीणबाईंनी काच खाली करून हात दाखवला आणि गेल्या. मी लॅपटॉप उघडला. स्टँडअपमध्ये मॅनेजरनं विचारलं, रोड झाला का? म्हटलं झाला.

शनिवारी आईला सगळं सांगितलं, कललेल्यासकट. मला वाटलं आता खैर नाही. ती गप्प बसली. मग म्हणाली, "ती कमान किती रुपयांना मिळते?"

तात्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आता तेवीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. कमान नाही, छत्री आहे. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "दादा, आई पाठीमागं लागलीय. इथं वेल्डर आहे, दोन इंची पाइपची करून देतो म्हणतोय, दोन दिवसांत."

त्याला तासभर समजावत होतो. वेल्डरचा पाइप छत्री पेलेल, ट्रॅक्टर नाही. कमान कुठे बोल्ट होते, लोखंड कुठलं, आदळल्यावर ती किती वाकते, हे सगळं तपासून मंजूर केलेलं असतं. मोडली तर नाहीच, पण जास्त वाकली तरी माणूस सापडला. अगदी कंपनीच्या कमानीलासुद्धा नंतर भोक पाडायचं नसतं, वेल्ड करायचं नसतं. त्याच्या मॉडेलसाठीची तपासलेली कमान आणि तिच्याबरोबरचा पट्टा डीलरकडेच मागायचा. तो म्हणाला, डीलर हसला. म्हणाला, हे कुणी मागत नाही. मी म्हटलं तू माग, आणि लेखी माग.

त्यानं मागितली. ऑर्डर घेतली आहे, कधी येईल ते डीलरही सांगत नाही. तोवर ट्रॅक्टरची किल्ली काकूंच्या तांदळाच्या डब्यात असते. रोज सकाळी त्याला ती मागून घ्यावी लागते, आणि देण्याआधी काकू विचारतात, "साखळी कुठं बांधणार?" तो म्हणतो, "खाली." मग मिळते.